मुसळ पडले तेव्हा

एक

हस्तलिखित ग्रहणात गेले, आणि ते ग्रहणानेच नेले असे म्हणायलाही गंगाधरपंत वळसंगकर जवळजवळ तयार होते.

"तुम्ही हसाल, प्रभाताई," ते म्हणाले.

"तुमचं मासिक वाचून वाचून ती सवय सुटली," प्रभा मोहोळकर म्हणाली.

गंगाधरपंतांचा शुक्रवार पेठेत छापखाना होता आणि त्यातून 'अघटित' नावाचे मासिक निघे. भुतेखेते, परग्रह, बोलणारी यंत्रे अशा नव्या कथांना वाहिलेले मासिक सोलापुरात एवढे एकच. प्रभा मुलींच्या हायस्कुलात शास्त्र शिकवी, आणि नव्याने प्रसिद्ध झालेल्या अशा कथांवर गावातल्या साप्ताहिकात दर महिन्याला लिही. गेल्या महिन्यात तिने लिहिले होते, 'या खेपेस तीन भुते, एक यंत्रमानव आणि एक चंद्रकन्या प्रसिद्ध झाली. पैकी यंत्रमानवाला थोडी बुद्धी आहे.' त्यावर चंद्रकन्येचे लेखक आठ दिवस जेवले नाहीत, असे गंगाधरपंतांनी सांगितले होते. प्रभाने विचारले होते, "लिहायचं तरी थांबले का?"

पण दिवाळी अंकासाठी आलेल्या एका कथेचा पहिला अर्धा भाग तिने चार दिवसांपूर्वी वाचला होता आणि त्या रात्री तिला झोप लागली नव्हती. माळावरचा एक धनगर रोज सांजेला मेंढरे मोजतो. मोजदाद बरोबर भरते, पण एकेकाच्या डाव्या कानावरची खूण उजव्या कानावर गेलेली असते. ती मेंढरे दिवसभर चरतात आणि तरी वाळत जातात. माळावर कुठेतरी अशी जागा आहे, की तिच्यातून गेलेली वस्तू आरशातल्यासारखी उलटी होऊन परत येते. धनगर ती जागा शोधायला निघतो, आणि तिथेच तिला वाचायला दिलेला भाग संपला होता.

उलटी झालेली मेंढी सुलट्या गवतावर का वाळेल, हे प्रभाला कॉलेजात शिकलेल्या रसायनामुळे कळत होते: उलट्या घडणीच्या शरीराला सुलटे अन्न पचत नाही. हे लिहिणाऱ्याने रसायन शिकलेले नव्हते. त्याने नुसते डोके चालवले होते. दोन वर्षांत 'अघटित'मध्ये असा प्रकार तिने पाहिला नव्हता.

आता ती कथा, तिने परत केलेल्या भागासकट, सबंधच्या सबंध नाहीशी झाली होती. दुसरी प्रत नव्हती.

"चोर कोण, तेही ठरलंय म्हणा," गंगाधरपंतांनी एक कागद पुढे सरकवला. "हे दिवाळी अंकात पहिल्या पानावर घालायचं."

कागदावर जुळवलेल्या मजकुराचा ओला ठसा होता. 'श्री. मायाप्पा कोळेकर यांनी परभाषेतील कथा स्वतःची म्हणून आमच्याकडे दिली, आणि उचलेगिरी उघड होण्याच्या भयाने स्वतःच हस्तलिखित पळवले...'

मायाप्पा कोळेकर म्हणजे त्या कथेचा लेखकच.

दोन

"ही परभाषेतली आहे, हे कोण म्हणतं?" प्रभाने विचारले.

"बळवंतराव. धनगराच्या पोराला असली कल्पना सुचेलच कशी, असं त्यांचं म्हणणं."

बळवंतराव मंद्रूपकर वकील 'स्मशानवासी' या टोपणनावाने भयकथा लिहीत. राहत मात्र विजेचे पंखे असलेल्या बंगल्यात. दिवाळी अंकातली पहिली कथा दरसाल त्यांची असे. यंदा गंगाधरपंतांनी, बहुधा आयुष्यात प्रथमच, स्वतः विचार करून मायाप्पाची कथा पहिली लावली होती.

"आणि बळवंतराव शाळाखात्याच्या कमिटीवर आहेत," प्रभा म्हणाली. "मायाप्पा त्याच खात्याच्या शाळेत मास्तर. हे छापलंत की त्याची नोकरी गेली."

"त्याला माझा काय इलाज?" गंगाधरपंत पुटपुटले. "परवा छपाईला जाणार आहे."

"मग मला काय झालं ते सांगा. जसं झालं तसं. अघटित नको."

जे झाले ते एवढेच. काल, श्रावणी अवसेला, सूर्यग्रहण होते. सकाळपासून आभाळ भरलेले होते. सोलापूरचे ढग, सावली धरायची आणि पाणी न देता निघून जायचे. सूर्य दिसत नव्हता. छापखाना बंद होता. मागच्या अंगाला गंगाधरपंतांचे घर, तिथल्या माजघरात परातीत पाणी घालून मुसळ उभे केले होते आणि सगळे भोवती बसले होते. ग्रहण आहे तोवर मुसळ आपणहून उभे राहते आणि सुटले की पडते, अशी समजूत. स्वतः गंगाधरपंत, त्यांच्या पत्नी गोदावरीकाकू, वकील बळवंतराव आणि छपाईचे खिळे जुळवणारा चनमल्लप्पा. मायाप्पा पुढच्या ओट्यावर होता. त्याला माजघरात कोणी बोलावले नव्हते. मुसळ पडले, ग्रहण सुटले, सगळे मागे विहिरीवर नहायला गेले. वकील तेवढे 'माझं सोवळं घरी' म्हणून पुढच्या दाराने निघून गेले. नाहून येतात तो छापखान्यातल्या मेजावर हस्तलिखित नाही आणि ओट्यावर मायाप्पा नाही.

"ग्रहण कधी सुटतं ते पंचांगात असतं ना?"

"असतं. पण आमचं घड्याळ..." गंगाधरपंतांनी भिंतीकडे पाहिले. घड्याळावर कोळ्याने घर केले होते. शुक्रावर जाणाऱ्या विमानाच्या कथा या घड्याळाखाली बसून छापल्या जात. "मुसळ आहे की! शिवाय बळवंतरावांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं. म्हणाले, अगदी बरोबर, मोक्ष झाला."

प्रभाला कालची दुपार आठवली. काल ती शाळेच्या गच्चीवर मुलींबरोबर काजळी धरलेल्या काचा घेऊन उभी होती. तिने फक्त विचारले, "ते मुसळ पाहू?"

"मुसळ?" गंगाधरपंत गोंधळले. "मुसळाचा काय संबंध?"

तीन

गोदावरीकाकू परसात तांदूळ निवडत होत्या. प्रभाला पाहून त्यांनी सूप बाजूला ठेवले.

"बैस गं. त्या मायाप्पाचं ऐकलंस ना? गरीब वाटायचा बाई. ओट्यावर बसून असायचा, हूं की चूं नाही."

"काकू, काल मुसळ किती छान उभं राहिलं म्हणे."

"अगं, काय सांगू! ताठ! गेल्या ग्रहणाला तीनतीनदा उभं केलं, राहीचना. मी आपली घाबरले, म्हटलं घरात काही अशौच तर नाही? हे म्हणाले, लहान ग्रहण असेल. आणि काल बघ, हात लावला मात्र, उभं! मोठं ग्रहण ना."

"हात कोणी लावला?"

"लावायचा काय त्यात? ग्रहणानं उभं राहिलं ते."

"ग्रहण सूर्याला लागलं होतं, काकू. परातीत मुसळ ठेवलं ते कोणाच्या तरी हातानं."

"हां, ठेवलं होय! वकीलसाहेबांनी. म्हणाले, काकू, मागल्या खेपेला तुमची फजिती झाली होती, यंदा माझा हातगुण पाहा. मोठा माणूस, पण गर्व नाही."

मुसळ कोपऱ्यात होते. प्रभाने ते आडवे करून तळ पाहिला. लोखंडी कडी एका बाजूने झिजून चिंचोळी झाली होती. तिने ते फरशीवर उभे करून हात काढला. मुसळ लगेच कलले. उलट बाजूने ठेवले, पुन्हा कलले. हे मुसळ ग्रहणात काय, प्रलयातही आपणहून उभे राहिले नसते.

"परातीतलं पाणी कुठं टाकलंत?"

"त्या धुण्याच्या दगडापाशी. ग्रहणाचं पाणी तुळशीला थोडंच घालतात?"

प्रभा दगडापाशी गेली. दगड कोरडा होता, पण त्याच्या कडेने काळ्या मुंग्यांची जाड रांग लागली होती. दगडाच्या एका खळग्यात तर मुंग्यांचा नुसता गोळा होता.

"काकू, काल इथं खरकटं सांडलं होतं?"

"काय बोलतेस! ग्रहणाचं खायचं-प्यायचं कोणी? चूलसुद्धा संध्याकाळी पेटवली. मुंग्या होय? आलेल्या दिसताहेत सकाळपासून. पावसाच्या असतील."

पाऊस पडलाच नव्हता. प्रभाने खळग्यात बोट फिरवले, हुंगले, आणि मग शास्त्राच्या कोणत्याही बाईने मुलींना करू दिले नसते ते केले. बोट जिभेला लावले.

चार

चनमल्लप्पा खिळ्यांच्या खणांपुढे उभा राहून काम करत होता. मान वर न करता तो म्हणाला, "बाई, मला विचारू नका. त्या मास्तराचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेलं. गेलं ते बरं झालं, असं मी बोललो. बोललो ते बोललो. पण घेतलं नाही."

"असं कोणी म्हटलं नाही. नाहताना काय काय ऐकलंत, तेवढं सांगा."

"नाहताना?" आता त्याने मान वर केली. "पाण्याचा आवाज ऐकला, बाई. दुसरं काय ऐकणार?"

"रस्त्यावर काही?"

"रस्त्यावर नेहमीचंच. 'दे दान, सुटे गिऱ्हाण' ओरडत होते की मागणारे. मी पंतांना म्हटलं बी, सुटलं तरी हे लोक ओरडतायत, लई हावरे झालेत. मग डोकं पुसत होतो, तवर गिरणीचा दुपारचा भोंगा झाला."

"डोकं पुसताना भोंगा. नक्की?"

"हौदु, नक्की, बाई. भोंगा कोण चुकवतो? सबंध गाव त्याच्यावर जेवतंय."

प्रभाचा हिशेब जुळला. काल दुपारचा भोंगा वाजला, त्याच वेळी शाळेवरचे ढग जरासे फाटले होते आणि गच्चीवरच्या मुली एकदम ओरडल्या होत्या. सूर्य दिसला होता. खालच्या कडेला चावा घेतलेल्या भाकरीसारखा.

मायाप्पा शाळा सुटल्यावर आला. काळासावळा, उंच, टोपी हातात घेतलेली. त्याने मजकुराचा ठसा वाचला. वाचताना त्याचे ओठ हलत होते. कागद खाली ठेवला तेव्हा त्याची मास्तरकीची भाषा गळून पडली होती.

"बाई, ही माझी हाय. कुनाची न्हाय चोरलेली. आमच्या सांगोल्याकडं मेंढरांच्या कानाला खूण करत्यात. एकदा मी दाढी करताना आरशात बघितलं, मागं मेंढरू हुबं हुतं, आन् खूण ह्या कानाची त्या कानाला दिसली. तितनं सुचलं. आता हे कुनाला पटवून सांगू?"

"मला पटलेलं आहे. काल ओट्यावरून का उठलात?"

"वकीलसाहेब भाईर आले. म्हनले, सुटलं गिऱ्हाण, मायाप्पा, जा घरी, अंघोळ कर. मी गेलो." तो थांबला. "तळ्याच्या कडेनं जाताना पान्यात सूर्य दिसला. तवा तो अर्धाच हुता. म्हटलं, शिकलेली मानसं सांगत्यात सुटलं, तर सुटलं असंल."

"शिकलेल्या माणसांचं ऐकणं सोडा," प्रभा म्हणाली. "आणि उद्या सकाळी इथं या. गंगाधरपंत, वकिलांनाही बोलवा. मजकुरात एक दुरुस्ती आहे म्हणावं."

पाच

बळवंतराव आले ते अत्तराचा वास पुढे घालून. माजघरात परात मांडलेली पाहून त्यांची पावले जराशी अडखळली, मग ते हसले.

"काय प्रभाताई, शास्त्राच्या बाईंनीही व्रत धरलं की काय?"

"उभं करता का?" प्रभाने मुसळाकडे बोट दाखवले. "तुमचा हातगुण मोठा म्हणतात."

"आज ग्रहण कुठं आहे?"

"खरंच की. मग मीच करते." तिने पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढला, मुसळाच्या झिजलेल्या बाजूखाली दाबला आणि हात काढून घेतला. मुसळ पाण्यात ताठ उभे राहिले.

"अगं बाई!" काकू म्हणाल्या. "ग्रहण नसताना?"

"बसा सगळे. काकू, चहा करा म्हटलं असतं, पण तुमचं लक्ष इथं हवं." ती स्वतः पाटावर बसली. "वकीलसाहेब, तुमच्या कथांत प्रेत उठून चालतं आणि ते का उठलं याचं कारण तुम्ही कधी देत नाही. मला ती खोड सहन होत नाही. मी कारणं देते. हे मुसळ तळाशी झिजलेलं आहे. ते उभं राहत नाही, हे गेल्या ग्रहणाला तुम्ही पाहिलंत. परवा तुमचा हात लागताच उभं राहिलं. खाली काहीतरी टेकण होतं. पण मुसळ पडल्यावर परातीत कोणाला काही सापडलं नाही. म्हणजे ते टेकण विरघळलं. पाणी काकूंनी धुण्याच्या दगडापाशी ओतलं, तिथं कालपासून मुंग्या लागल्या आहेत आणि दगड गोड लागतो. ज्या घरात त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चूलही पेटली नव्हती, त्या घरात."

चनमल्लप्पाने परसाच्या दाराकडे मान वळवली आणि हलकेच 'अय्यो' म्हटले.

"ग्रहण सुटायच्या आत मुसळ पडलं," प्रभा पुढे म्हणाली. "तुम्ही सगळे नाहत होतात तेव्हा रस्त्यावर दान मागणं चालूच होतं. ते लोक हावरे नव्हते, चनमल्लप्पा. त्यांचं ग्रहण चालू होतं, तुमचं आधी संपवलं होतं. डोकं पुसताना भोंगा झाला. त्या भोंग्याला मी आणि माझ्या वर्गातल्या मुलींनी सूर्य पाहिला, तो ग्रासलेला होता. मायाप्पांनी तळ्यात पाहिला, तोही तसाच. या घरात चालणारं घड्याळ एकच होतं, वकीलसाहेबांच्या खिशात. ते पाहून ते म्हणाले, मोक्ष झाला."

"घड्याळं पुढं जातात," बळवंतराव म्हणाले.

"जातात. पण खोटं घड्याळ बोलत नाही, माणूस बोलतो. ग्रहण चालू असेतो कोणी जागचं हलणार नाही आणि सुटलं की सगळे एकदम विहिरीवर जाणार, हे तुम्हाला ठाऊक होतं. या घरातल्या माणसांना हलवायला तुम्हाला आभाळ हलवावं लागलं नाही. गुळाचा खडा पुरला. मग ओट्यावरच्याला घरी पाठवलंत, आणि मेज मोकळं."

गंगाधरपंत आधी बंद घड्याळाच्या दिशेने आणि मग वकिलांकडे पाहू लागले. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होते, आणि त्याहून जास्त लाज.

"बळवंतराव, पहिल्या पानासाठी?"

"पंत, शोभतं का हे तुम्हाला?" बळवंतरावांचा आवाज चढला. "मी वीस वर्षं कोर्टात उभा आहे. या बाई मुंग्यांना साक्षीला काढतात! मुसळ गुळानं उभं राहिलं म्हणे. राहिलं असेल! पण ते गुळामुळं पडलं याला पुरावा क..."

मुसळ परातीत आडवे झाले. पाणी वकिलांच्या धोतरावर उडाले.

 काकूंनी सवयीने हात जोडले, आणि मग लाजून सोडले.

"कोर्टात मी जाणार नाही," प्रभा म्हणाली. "तिथं तुम्ही जिंकाल. मी दर महिन्याला नव्या कथांवर लिहिते, तेच लिहीन. 'स्मशानवासी यांची नवी अद्भुतकथा: गुळावर उभे राहिलेले ग्रहण. लेखकाच्या आजवरच्या कथांत हिची रचना सर्वांत चांगली आहे, आणि ही एकच त्यांची स्वतःची आहे.' कोर्टाच्या बार रूममध्ये तुमचे मित्र ते मोठ्यानं वाचतील. गिरणीच्या फाटकावर वाचतील. गणपती तोंडावर आहेत, घरोघर गूळ असेल. कोणीतरी एक खडा तुमच्या टेबलावर ठेवील. हस्तलिखित आज संध्याकाळपर्यंत आलं, तर लिहिणार नाही."

"माझ्या कागदांत चुकून आलं असेल तर... पाहतो," बळवंतराव म्हणाले, आणि जोडे हातात घेऊनच पायऱ्या उतरले.

सहा

हस्तलिखित दिवेलागणीच्या आत आले, वकिली कागदांना बांधतात तशा लाल फितीने बांधलेले. गंगाधरपंतांनी जुळवलेला मजकूर चनमल्लप्पाच्या पुढ्यात ठेवला. चनमल्लप्पाने तो मोडून खिळे त्यांच्या त्यांच्या खणांत टाकले आणि म्हणाला, "मास्तर, आता आणा तुमचं ते कोंबडीचं अक्षर."

पण ते आधी प्रभाने मागून घेतले. छापखान्याच्या खिडकीशी, अजून उजेड होता तिथे, ती उभी राहिली आणि उरलेला अर्धा भाग वाचू लागली. मायाप्पा ओट्यावर टोपी फिरवत बसला.

धनगर त्या जागेतून जातो. परत येतो. काहीच बदललेले नाही, तोच माळ, तेच घर. बायको वाढते, तो जेवतो. रात्री त्याची लहान मुलगी रोजच्यासारखी त्याच्या छातीवर कान ठेवून निजते. पहाटे ती अर्धवट झोपेत डोके उचलते, त्याच्या छातीच्या दुसऱ्या बाजूला ठेवते, आणि पुन्हा झोपी जाते. एवढ्यावर कथा संपत होती. त्यात एकही किंकाळी नव्हती.

"कशी हाय, बाई?" ओट्यावरून मायाप्पाने विचारले.

प्रभाने कागद नीट जुळवले. "दुसऱ्या परिच्छेदात 'भयंकर' दोनदा आलंय," ती म्हणाली. "एक काढा. बाकी छापू द्या."

मायाप्पा मान खाली घालून हसला. बोलता बोलता प्रभाच्या ध्यानात आले, की आपला हात केव्हाचा छातीवर डावीकडे आहे, आणि ठोका तिथेच आहे ना, हे तो चाचपून पाहतो आहे. तिने तो लगेच काढला नाही.